पिवळी भिंत आणि आमचा डंख

आमच्याकडे मसाला कुटायला येणाऱ्या बायका आधी डंखाकडे, म्हणजे कुटायच्या यंत्राकडे बघतात, मग आपल्या मिरचीच्या पिशवीकडे, आणि नंबर लागेपर्यंत कुणीतरी विचारतंच, "ताई, दुकान एवढं चकाचक, मग ही एकच भिंत नुसत्या चुन्याची का?" मार्च ते मे आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसते, म्हणून मी तेव्हा हसून वेळ मारून नेते. आता पावसाळा आहे, सांगते.

बाबा गिरणीत सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तेही घरी बसले. मग आईने चाळीतल्या खोलीत मालवणी मसाला करून विकायला घेतला. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. गच्चीवर वाळवायची, धणे-दगडफूल-नागकेसर कढईत भाजायचं आणि सगळं डोक्यावर घेऊन लालबागच्या डंखावर रांगेत उभं राहायचं. सोबत मी. मिरचीच्या खाटाने नाक-डोळे वाहायचे आणि मी मनात म्हणायचे, आपला स्वतःचा डंख असता तर!

तो योग 2014 साली आला. काळाचौकीला एका जुन्या चाळीच्या मागे पागडीचा गाळा मिळाला, आजूबाजूच्या भावापेक्षा बराच स्वस्त. स्वस्त का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. तिथे पूर्वी प्लेटिंगचं काम चालायचं: नळ, सायकलची हँडलं, स्टोव्हचे भाग निकेल-क्रोम करून चमकवायचे. बरीच वर्षं बंद होता. आम्ही लादी घातली, गिलावा केला, रंग दिला आणि यंत्राची ऑर्डर द्यायच्या तयारीत होतो.

जून उजाडला. दुसऱ्या आठवड्यात भिंतीच्या पायथ्याशी, नव्या गिलाव्यातून, पिवळी फुलं उमलली. हळद सांडल्यासारखी. नवरा म्हणाला, तुझीच हळद असेल. पण हळदीचं पोतं अजून यायचं होतं. शिवाय हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात, हे आमच्या धंद्यात लहान पोरालाही ठाऊक. मी थोडी पूड खरवडून चुन्यात कालवली. पिवळी ती पिवळीच राहिली. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

हळदीला झळाळी यावी म्हणून काही लोक तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियम असलेला पिवळा रंग मिसळतात. त्यामुळे आमच्या हळदीचा नमुना आम्ही प्रयोगशाळेत देत असू. त्याच प्रयोगशाळेत ही पूड दिली. तिथल्या बाईंनी फोनवर पहिलं वाक्य विचारलं ते असं: "ही खायच्या वस्तूजवळची आहे का?" पुडीत क्रोमियम निघालं, तेही सहाव्या संयुजेचं, म्हणजे त्याचं घातक रूप. हे पाण्यात विरघळतं, ओलीबरोबर विटांतून वर चढतं आणि भिंत वाळली की पिवळा क्षार होऊन बाहेर बसतं. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. आम्ही त्या पुडीशेजारी मिरचीची पोती रचणार होतो.

चाळीतलेच एक काका त्या कारखान्यात वीस वर्षं होते. त्यांना बोलावलं. ते काठी टेकत आले आणि नव्या लादीवर खडूने नकाशाच काढला: ही ॲसिडची टाकी, ही निकेलची, ही क्रोमची, वाफ जावी म्हणून दाराजवळ, आणि धुण्याचं पाणी या मोरीतून. "मोरी फुटकीच होती," म्हणाले. मग सहज सांगितलं की त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक आहे, क्रोमवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना पडायचं. पुढे ठिकठिकाणी माती काढून तपासली, तेव्हा सगळ्यात वाईट आकडे त्यांच्या खडूच्या रेघांखालीच आले.

इंजिनिअरने दोन वाटा सांगितल्या. एक, वरून जाड काँक्रीट ओतून सगळं झाकून टाकायचं. स्वस्त आणि झटपट. दुसरी, खोदून काढायचं. कपड्याचं दुकान असतं तर मीही झाकलंच असतं, खोटं कशाला बोलू. पण डंख म्हणजे दिवसभर जमिनीवर पडणारे घाव. त्याचा पाया जमिनीत खोल घ्यावा लागतो, आणि हादऱ्याने भोवतीच्या काँक्रीटला आज ना उद्या चीर पडणारच. दुसऱ्या डंखासाठी पैसे ठेवले होते. ते मातीत घातले, अगदी शब्दशः.

साडेतीन फूट खोदलं. भिंतींच्या खालच्या विटा काढून तुकड्यातुकड्याने नव्या बसवल्या. ही माती नेहमीच्या डेब्रिजच्या ट्रकमध्ये टाकता येत नाही. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची कागदपत्रं, परवान्याची गाडी, आणि मग तळोज्याची घातक कचऱ्याची जागा. एका सहीसाठी मी ज्या कार्यालयात खेपा घातल्या, त्यांचा हिशोब ठेवला नाही, बरं झालं. खड्ड्यात साठलेलं पिवळं पाणी पिंपांत भरून त्यात हिराकस टाकला. हो, तोच, जुन्या शाईतला. त्याने सहाव्या संयुजेचं क्रोमियम तिसऱ्या संयुजेचं होतं, ते त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. मग चुना टाकला की त्याचा गाळ खाली बसतो. पाण्याचा पिवळेपणा डोळ्यांदेखत गेला. आईला हे फार आवडलं, म्हणाली, "यालाही फोडणीच लागते की."

आता 2025 च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, ज्याने घाण केली त्याने खर्च भरावा असं त्यात आहे. आमच्या वेळी ते असते तरी कुणाला धरणार होतो? प्लेटिंगवाला कधीच वारला होता. चाळीच्या विहिरीचं पाणीही तपासून घेतलं. लोक ते फक्त धुण्याला वापरायचे. आकडा मर्यादेच्या वर निघाला आणि विहिरीला जाळी बसली. त्या दिवसापासून शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी माझ्याशी बोलणं टाकलं, जणू पाणी मीच नासवलं.

तळाशी प्लास्टिकचा जाड पडदा, त्यावर मुरूम, काँक्रीट आणि कोटा. दोन हंगाम हातचे गेले. मार्च 2017 मध्ये डंख सुरू झाला, एकच. पहिलं कुटण आईचं, मालवणीचं. 2020 चा हंगाम टाळेबंदीने खाल्ला, त्याबद्दल काय लिहायचं, सगळ्यांचाच गेला. दुसरा डंख 2022 ला आला. आज सात बायका कामाला आहेत, त्यातल्या चौघी गिरणी कामगारांच्या घरातल्या.

खडूचा नकाशा काढणारे काका पहिल्या दिवशी पाव किलो घाटी मसाला घेऊन गेले. पैसे घ्यायला लावले.

आणि भिंत. 2017 च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर पुन्हा फुलं आली, पांढरी. मी शटर बंद करून खाली बसले. तपासणीत निघाला नव्या विटांचा साधा क्षार. तेव्हापासून ती भिंत मी ऑइलपेंटने रंगवू देत नाही. दर मे महिन्याच्या शेवटी चुना मारतो, आणि पावसाळाभर सकाळी शटर उघडलं की बॅटरी घेऊन आधी तिचा पायथा बघते. मुलगा म्हणतो, दुकानाला एकच रंग हवा, सगळीकडे हळदीपिवळा देऊया, फोटोत छान दिसेल. बाकी तीन भिंतींना दे, म्हटलं.