वॉशिंग्टनचं मत वाचायचं तर मृत्युपत्रही वाचा

१२ एप्रिल १७८६ च्या पत्रात जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियाचा व्यापारी रॉबर्ट मॉरिसला लिहितो, गुलामगिरी संपवायची योजना यावी असं माझ्याइतकं मनापासून कुणालाच वाटत नसेल. मात्र ती कायदेमंडळानेच करावी. हे वाक्य सगळे देतात. पत्र लिहिण्याचं कारण मात्र वेगळंच होतं : फिलाडेल्फियाला आलेल्या एका मालकाचा गुलाम सोडवू पाहणाऱ्या क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) मंडळींविरुद्धची ती तक्रार आहे. मत आणि तक्रार एकाच कागदावर आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच वाचावीत.

कायद्याची वाट पाहायची गरजही नव्हती. मालकाने स्वतःहून गुलाम मुक्त करायला व्हर्जिनियाने १७८२ मध्येच मोकळीक दिली होती.

पुढे तो राष्ट्राध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियात राहिला. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार, परराज्यातल्या मालकाने तिथे सहा महिने ठेवलेला गुलाम मोकळा होऊ शकत होता. एप्रिल १७९१ मध्ये त्याने चिटणीस टोबायस लिअरला कळवलं, मुदत भरण्याआधी माझ्या गुलामांना काहीतरी निमित्त काढून व्हर्जिनियात पाठव, त्यांना आणि लोकांना खरं कारण कळू देऊ नकोस. मला हे पत्र मॉरिसच्या पत्राहून जास्त बोलकं वाटतं. १७९६ मध्ये त्याच्या फिलाडेल्फियातल्या घरातून ओना जज ही गुलाम स्त्री पळाली. तिला परत आणायचे प्रयत्न त्याने केले, पण ती हाती लागली नाही.

मृत्युपत्र जुलै १७९९ चं. तेव्हा माउंट व्हर्ननवर, म्हणजे त्याच्या व्हर्जिनियातल्या जमीनदारीवर, ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे, तर १५३ त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. या १५३ जणांवर मार्थाचा हक्क फक्त हयातीपुरता होता, त्यामुळे त्यांना मुक्त करणं दोघांच्याही हातात नव्हतं. स्वतःच्या १२३ जणांना त्याने मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्ती दिली, फक्त त्याचा खास नोकर असलेल्या विल्यम लीला ताबडतोब, वर वर्षाला ३० डॉलर. म्हाताऱ्यांना अन्नवस्त्र द्यावं, अनाथ मुलांना लिहायला-वाचायला आणि कामधंदा शिकवून २५ व्या वर्षी सोडावं, कुणालाही व्हर्जिनियाबाहेर विकू नये, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलंय.

मुक्ती लांबवण्याचं कारणही त्यानेच दिलंय : दोन्ही गटांतली लग्नं. अडचण खरी होती, पण थांबून ती सुटणार नव्हती. मूल आईच्या दर्जाचं धरलं जाई; नवरा वॉशिंग्टनचा आणि बायको इस्टेटीतली असेल, तर बाप सुटूनही मुलं गुलामच राहत. मार्थाने १ जानेवारी १८०१ ला त्या १२३ जणांना मोकळं केलं. १८०२ मध्ये ती वारली आणि इस्टेटीतले गुलाम तिच्या नातवंडांत वाटले गेले.