आमची वाटचाल : एका हेल्मेटमागची माणसं

माझे वडील गिरगावात सुतारकाम करायचे. वर्षभर नाटकांची नेपथ्यं आणि श्रावण लागला की गणेशोत्सव मंडळांचे देखावे. २००९ च्या गणपतीत आमच्या मंडळाला चांद्रयानाचा देखावा हवा होता. आदल्या वर्षी २२ ऑक्टोबरला यान श्रीहरिकोट्याहून निघालं होतं आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. बाबांनी प्लायचा सांगाडा उभा केला. भेटवस्तूंना लावतात तो सोनेरी कागद मी आधी चुरगळला, मग हाताने सारखा करून त्यावर चिकटवला, कारण खऱ्या यानाचं उष्णतारोधक आवरणही असंच सुरकुतलेलं दिसतं. देखावा बघायला आलेले एक कलादिग्दर्शक बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "हे आतून करता येईल का? माणूस बसेल असं?" बाबा म्हणाले, "मापं द्या."

तिथून आमचा धंदा सुरू झाला. गोरेगाव पूर्वेला, चित्रनगरीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. एक ड्रिल, एक जिगसॉ, उधारीवरचं प्लाय, बाबा, मी आणि बाबांबरोबर नाटकाला असणारे दोन सुतार. आज आम्ही चौदा जण आहोत. सिनेमे, जाहिराती आणि वेब मालिकांसाठी यानांचे अंतर्भाग, प्रयोगशाळा, अंतराळवीरांचे पोशाख आणि हेल्मेटं बनवतो.

वर्कशॉप बघायला येणारी मुलं हटकून एक प्रश्न विचारतात. विज्ञानपट तर आता सगळा कॉम्प्युटरवर होतो, मग तुमच्याकडे सुतार कशाला? त्यांना मी दाराजवळच्या खुंटीवरचं पांढरं हेल्मेट काढून देतो आणि डोक्यात घालायला सांगतो.

ते आमचं पहिलं हेल्मेट, २०११ चं. एका जाहिरातीसाठी केलेलं. फायबरचं कवच, पुढे सोनेरी झाक असलेली अॅक्रिलिकची गोल काच, मानेला अॅल्युमिनियमची कडी. दोन आठवडे आम्ही त्याला पॉलिश करत होतो. कलादिग्दर्शकांना ते फार आवडलं. शूटिंगच्या दिवशी नटाने ते घातलं आणि दोन मिनिटांत त्याच्या श्वासाने काच आतून धुरकट झाली. आम्ही आत एक छोटा पंखा बसवला होता, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला. तो सुरू केल्याबरोबर साउंड रेकॉर्डिस्टनी कानावरचा हेडफोन काढला आणि हात वर केला. नटाच्या संवादाऐवजी त्यांना नुसती घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात कॅमेरामननी मॉनिटरकडे बोट दाखवलं. काचेच्या गोलाईत अख्खं युनिट दिसत होतं : कॅमेरा, ट्रॉली, दिव्यांचे स्टँड, दिग्दर्शक, चहा घेऊन चाललेला स्पॉटदादा. मेकअपदादा घामाने उतरलेला चेहरा पुन्हा करायला आले, तर हेल्मेट निघेना. कडीचे स्क्रू सोडवायलाच सहा मिनिटं लागत होती. त्यात फाइट मास्टरचा माणूस येऊन विचारू लागला, की नटाला वायरवर उचलायचंय, तर हार्नेसचे हूक बाहेर काढायला पोशाखात चिरा कुठे ठेवल्यात?

ठेवल्याच नव्हत्या. आम्ही एकाच खात्याशी बोललो होतो, ते म्हणजे आर्ट. हेल्मेट दिसायला उत्तम होतं आणि दुपारपर्यंत बाद झालं. उरलेली जाहिरात पाठमोऱ्या शॉटमध्ये संपवली. त्या रात्री बाबा एवढंच म्हणाले, "नाटकात आपण प्रकाशवाल्याला विचारल्याशिवाय दार कधी लावलंय का?"

पुढचे चार महिने मी सेटवर जाऊन लोकांना भेटत होतो. जेवणाच्या सुटीत, पॅकअपनंतर, त्यांच्या सोयीने. खरं शिक्षण मला तिथे मिळालं. साउंड रेकॉर्डिस्टनी सांगितलं की पंखा लहान आणि वेगवान असला की आवाज तीक्ष्ण होतो. तो मोठा घ्या, हळू फिरवा, पाठीवरच्या पेटीत ठेवा आणि हवा नळीने आणा. शिवाय बाहेरून बंद करता येईल असा स्विच द्या, म्हणजे संवादापुरता तो थांबवता येईल. हेल्मेटच्या आत आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो, म्हणून कवचाला आतून फोम लावायचा, हेही त्यांनीच सांगितलं. माइकची जागा आता तेच खुणेने दाखवतात आणि मग आम्ही तिथे खाच करतो.

गॅफरनी, म्हणजे दिव्यांच्या प्रमुखांनी, एलईडीचं गुपित सांगितलं. चेहरा उजळावा म्हणून हेल्मेटच्या कडेला आतून दिव्यांची पट्टी असते. साधा डिमर उजेड कमी करतो तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि चित्रावर काळे पट्टे सरकायला लागतात. विजेवरच्या दिव्यांचंही गणित आहेच : आपली वीज ५० हर्ट्झची, सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणून आपल्याकडे कॅमेऱ्याचं शटर १७२.८ अंशांवर ठेवतात, म्हणजे प्रत्येक चौकटीला बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळतो आणि दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही. मला हे दहावीला कोणी शिकवलं असतं तर भौतिकशास्त्र किती वेगळं वाटलं असतं! आता पट्ट्या लॅमिंग्टन रोडवरून आणल्या की आधी कॅमेऱ्यासमोर धरून बघतो, मगच चिकटवतो.

आणि काच? ती आता चार लोहचुंबकांवर बसते आणि दोन सेकंदांत निघते. बऱ्याच शॉटमध्ये ती नसतेच. व्हीएफएक्सची, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं घडवणारी माणसं ती नंतर चित्रात तयार करतात, तिच्यातल्या प्रतिबिंबांसकट. पण ती प्रतिबिंबं खरी वाटायची तर सेटवर उजेड कुठून येत होता हे त्यांना ठाऊक हवं. म्हणून शॉट संपला की त्यांचा एक मुलगा दोन चेंडू घेऊन नटाच्या जागी उभा राहतो. एक राखाडी आणि दुसरा आरशासारखा चकचकीत. राखाडीवर सावली कशी पडते ते दिसतं, चकचकीतमध्ये चारी बाजूंचे दिवे दिसतात. तो मुलगा वहीत लेन्स, कॅमेऱ्याची उंची, अंतर असं सगळं लिहून घेतो. युनिटला घाई असते, लोक त्याच्यावर ओरडतात, तरी तो हलत नाही. त्याचं काम मला फार मोलाचं वाटतं.

तसंच कंटिन्युटी बघणाऱ्या ताईंचं. यान कोसळतं तो प्रसंग पहिल्या दिवशी चित्रित झाला आणि उड्डाणाचा नवव्या दिवशी, असं नेहमीच होतं. हेल्मेटवर ओरखडा कधी आला, किती लांब, कुठल्या कानाजवळ, हे सगळं त्यांच्या फोटोंत आणि कागदांत असतं. आम्ही एका हेल्मेटच्या तीन प्रती देतो : कोरं, वापरलेलं, फुटलेलं. तिन्हींवर आत नंबर. ड्रेसदादांनी चुकून नंबर दोनच्या जागी तीन दिलं तर गोष्टच उलटी होते, म्हणून ते नंबर ताई आणि ड्रेसदादा दोघंही आपापल्या हाताने लिहितात.

वापरलेलं दिसणं ही तर वेगळीच कला आहे. नवीकोरी वस्तू पडद्यावर खोटी वाटते. आमचे पेंटर मूळचे थिएटरबाहेर हाताने रंगवलेले बॅनर करणारे. डिजिटल छपाई आली आणि ते काम बुडालं. आज ते काळपट रंगाचा पातळ हात मारून फडक्याने पुसतात, जिथे माणसाचा हात लागेल तिथे रंग झिजवतात, जिथे तेल गळेल तिथे ओघळ काढतात. "हा दरवाजा कोण उघडतो? डावखुरा आहे का?" असं ते विचारतात आणि त्याप्रमाणे झीज डावीकडे किंवा उजवीकडे घेतात. प्रेक्षकाला ते कळणार नाही, पण तिथे खरंच कोणी राहतं असं त्याला वाटेल.

यानाच्या भिंतींचं म्हणाल तर सामान सगळं आपल्या मुंबईचंच. चपलांच्या तळव्याला लागतो तो ईव्हीए फोम हीटगनने तापवून वळवला की त्याचे चिलखती तुकडे होतात. प्लंबिंगचे पाइप, कुर्ल्याच्या भंगारातले प्रिंटरचे सांगाडे, मिक्सरची झाकणं, इडलीपात्राच्या थाळ्या. सगळ्याला एकच राखाडी रंग दिला की मूळ वस्तू नजरेआड होते आणि यंत्र दिसायला लागतं. मोठी माणसं हे मोठ्या प्रमाणावर करतात. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी ३८ फूट व्यासाचं, ३० टनांचं फिरतं चक्र विमानं बनवणाऱ्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलं होतं. नट आत धावायचा आणि अख्खा सेट फिरायचा. आमच्या नव्या मुलांना मी त्याचे फोटो दाखवतो, कारण तेही कोणीतरी नटबोल्ट आवळूनच उभं केलं होतं.

मधली वर्षं सोपी नव्हती. २०१६ मध्ये एका निर्मिती संस्थेने यानाचा पूर्ण अंतर्भाग करून घेतला आणि पैसे नव्वद दिवसांनी म्हणता म्हणता दीड वर्षाने दिले, तेही अर्धेच. सुतारांची मजुरी आईच्या मुदत ठेवीतून दिली. तेव्हापासून निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय आम्ही प्लाय कापत नाही, आणि करारात आणखी एक ओळ घालतो : श्रेयनामावलीत आमच्या प्रत्येक कारागिराचं नाव. नामावली लांब होते म्हणून ती ओळ कधी कधी काढायला सांगतात. मी काढत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा लेखन, दिग्दर्शन, संकलन असं बरंचसं त्यांनीच केलं, आणि युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केली. पडद्यावर सरस्वतीबाईंचं नाव नव्हतं. शंभर वर्षांनी तरी आपण ती चूक करू नये.

मार्च २०२० मध्ये शूटिंग थांबलं. व्हायझरसाठी, म्हणजे हेल्मेटच्या पुढच्या काचेसाठी आणलेले प्लास्टिकचे तक्ते पडून होते. त्यांचे फेस शील्ड करून आसपासच्या दवाखान्यांना दिले. दोन मुलं गावी गेली ती परत आलीच नाहीत. गोरेगावचं भाडं झेपेना म्हणून पुढच्या वर्षी वसईला कामणजवळ आलो. इथे जागा मोठी आहे, छत उंच आहे, आणि रेझिनच्या कामासाठी हवेशीर वेगळी खोली करता आली. त्या वासाने पूर्वी सगळ्यांचं डोकं दुखायचं.

आता कुठलंही काम घेतलं की साचा ओतायच्या आधी एक बैठक वर्कशॉपमध्येच होते. मातीचं कच्चं हेल्मेट टेबलावर असतं आणि भोवती कॅमेरा, साउंड, दिवे, मेकअप, ड्रेस, फाइट, व्हीएफएक्स, कंटिन्युटी असे सगळे. सुरुवातीला निर्मात्यांची माणसं म्हणायची की याला वेळ कोण देणार. पण दुपारभराच्या त्या बैठकीने शूटिंगचा अख्खा दिवस वाचतो, आणि शूटिंगच्या एका दिवसाचा खर्च त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

सध्या एका यानाचं मोठं सरकतं दार चाललंय. कळ दाबली की आपोआप बाजूला होणारं. त्याला आम्ही मोटर बसवली होती. बैठकीत साउंड रेकॉर्डिस्टनी ती ऐकली आणि मान हलवली. दार उघडताना दोन महत्त्वाचे संवाद आहेत. दाराचा 'स्स्स' आवाज फोलीवाले नंतर स्टुडिओत करणारच आहेत, त्यांना सेटवर शांतता हवी. मग मोटर काढली, पुली बसवल्या आणि दोरी लावली. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतली सरकती दारंही पडद्यामागून माणसंच ओढायची, हे मी बाबांना सांगितलं.

बाबा आता एक्काहत्तर वर्षांचे आहेत. नाटकाचा पडदा त्यांनी शिवाजी मंदिरला आणि साहित्य संघाला कित्येक वर्षं ओढलाय. काल संध्याकाळी त्यांनी दोरी हातात घेतली, दोनदा दार उघडून बघितलं, मग खडूने जमिनीवर आपल्या पावलांच्या जागा आखल्या आणि म्हणाले, "सोमवारी शिफ्ट किती वाजता आहे? मीच ओढतो."