संकासुर काळा, रात्रही काळी: पानं ९ ते १४

जूनच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आत माझ्या कॉमिकच्या बत्तीसच्या बत्तीस पानांवर शाई चढलेली असेल. चवथ पंधरा दिवसांवर आली आणि माझी चौदा पानं झालीत. त्यातलं बारावं परत करायचंय, का ते शेवटी सांगते. म्हणजे हिशेबाने तेराच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गोव्यातल्या पेडण्याच्या एका जत्रेची एक रात्र, पालखी देवळात परतल्यापासून उजाडेपर्यंत, आणि त्या रात्रीचा दशावतार, म्हणजे आमच्याकडचं जत्रेतलं लोकनाट्य. बघणारी आहे आईच्या मांडीवर अर्धवट झोपलेली सात वर्षांची मुलगी. चित्रं ए४ वर, छपाई ए५ वर. घडी घातलेले आठ कागद, मध्ये पिना. गोष्ट लिहून काढलेली नाही. दशावताराला तरी कुठे लिहिलेली संहिता असते? कथानक ठरतं, संवाद रंगमंचावर सुचतात. मीही मार्गशीर्षातल्या दोन जत्रांमध्ये भरलेली चित्रवही समोर ठेवून पुढे सरकतेय. याचे तोटे आता कळायला लागलेत.

वेळ किती देते, असं मागे कोणीतरी विचारलं होतं. पहाटे पाच ते साडेसहा. आठच्या बसने म्हापसा, तिथे एका फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर संगणकावर. आमदारांचे वाढदिवस, बारशी, नव्या मासळीच्या दुकानाची उद्घाटनं. दिवसाला पंधरा-वीस चेहरे कापून निळ्या आकाशावर चिकटवते. पगार वेळेवर होतो आणि शाईच्या बाटल्या त्यातूनच येतात, म्हणून तक्रार नाही. फक्त त्या निळ्या आकाशाचा इतका वीट आलाय की माझ्या कॉमिकमध्ये आकाशाला निव्वळ काळा भरलाय.

आणि तिथेच फसले.

आड-दशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर येतो, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस. मी बघितलेला संकासुर डोक्यापासून पायापर्यंत काळा, तोंडावरही काळं कापड, त्यावर पांढरे डोळे आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. लहानपणी मी हा दिसला की आईच्या पदरात शिरायचे. प्रत्यक्षात मागे रंगीत पडदा असतो, वरून ट्यूबलाइट असते, त्यामुळे तो ठळक दिसतो. पण माझ्या गोष्टीत त्याच वेळी वीज जाते. (ही कल्पना माझीच, कोणाला दोष देणार?) काळ्या रात्रीत काळा माणूस. नवव्या पानाचे तीन खर्डे केले. पहिल्यात भोवती पांढरी कड सोडली, तर तो कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला, हुबेहूब आमच्या दुकानातला आमदार. दुसऱ्यात मागे करड्या रेघा मारल्या. रात्रीची संध्याकाळ झाली. तिसऱ्यात नुसते डोळे आणि जीभ ठेवली. चौकट म्हणून झकास, पण सलग सहा पानं कोण बघणार नुसते डोळे?

उपाय सापडला तो मोरजीला, मोरजाईच्या देवळात. मावशीबरोबर ओटी भरायला गेले होते, कॉमिकचा विचारही डोक्यात नव्हता. तिथल्या भिंतींवर कावी आहे. तुमच्यातल्या कोकणच्या मंडळींना ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगते. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गुळाचं पाणी आंबवून गिलावा करायचा. तो पांढरा गिलावा भिंतीला लावला की त्यावर काव, म्हणजे लाल माती, मिसळलेला पातळ थर द्यायचा. तो ओला असतानाच टोकदार लोखंडी सळईने खरवडायचं. जिथे लाल निघतं तिथे खालचं पांढरं उघडं पडतं. वरून रंगवलेलं काहीच नाही, म्हणून पोपडे धरून चित्र जात नाही. मी ही भिंत पन्नास वेळा तरी पाहिली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की हे काम करणाऱ्याने उजेड काढलाय, अंधार तर आधीपासून होताच. मावशी नारळ घेऊन पुढे गेली आणि मी खांबापाशी उभी राहून बसच्या तिकिटाच्या पाठीवर काळं भरून नखाने खरवडत होते.

आता अशी खरवडायची पाटी कागदावर कशी केली ते. तयार स्क्रॅपरबोर्ड (काळा थर खरवडून चित्र काढायचा पुठ्ठा) मिळतो, पण मागवायचा तर माझ्या खिशाला चौदा पानांचा खर्च झेपत नाही, म्हणून घरीच:

३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, आयव्हरी कार्ड. त्यावर व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) आणि पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल, साधारण ताकाइतपत. तीन हात, एक आडवा, एक उभा, एक परत आडवा. वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, मग काळी इंडिया इंक दोन हात. खरवडायला कंपासची सुई, बारीक पट्ट्यांसाठी मोडलेलं ब्लेड.

पहिल्या चार पाट्या वाया गेल्या. फेव्हिकॉल जास्त झाला होता, त्यामुळे थर रबरासारखा झाला आणि सुईला लोंबायला लागला. पाचव्या पाटीत तो कमी केला, तर थर टवका होऊन उडाला आणि संकासुराचा गुडघा त्याच्याबरोबर गेला. सहावी जमली. जमली की नाही हे कानाला कळतं: सुई फिरताना खडूचा कोरडा आवाज यायला हवा, तुरतुर. आवाज आला नाही तर थांबा, पाटी अजून ओली आहे.

आणि गोव्यातल्या जुलैत ओलं नसलेलं काय असतं? शाई रात्रभर ठेवली तरी सकाळी बोटाला लागायची. एका पाटीवर हिरवट बुरशी आली, तीही नेमकी आकाशात. शेवटी आईने तिचं कपाट दिलं. पावसात रेशमी साड्यांना वास येऊ नये म्हणून त्यात खालच्या खणात साठचा पिवळा बल्ब जळत असतो, तुमच्याही घरी असेल. वरच्या कप्प्यात पाटी, एका रात्रीत खडखडीत. बदल्यात पैठणीला शाई लागली तर कॉमिक बंद, असा करार झालाय. पाटी बल्बच्या फार जवळ ठेवू नका, कार्ड वाकतं. माझं एक पान अजून होडीसारखं आहे.

दहा आणि अकरा ही जोडपानं गर्दीची. इथे खरवडणं नाही, साधा टाक. गर्दी म्हटली की मला कला अकादमीचं सभागृह आठवतं. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बाजूच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी सज्जे आणि त्यातले प्रेक्षक रंगवलेत. शाळेच्या नाटकासाठी गेलो होतो तेव्हा रंगमंचावर काय चाललंय ते सोडून मी त्या भिंतीतल्या माणसांकडे बघत होते. गर्दीतल्या एकालाही त्यांनी नुसती जागा भरायला बसवलेलं नाही, प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं असतं. त्यामुळे माझ्या जत्रेत प्रत्येकाला काम दिलं: खाजेवाला सुटे पैसे मोजतोय, एक म्हातारा चप्पल उशाला घेऊन घोरतोय, दोघे जमिनीच्या वादावर बोलतायत. एकूण त्रेसष्ट माणसं. वीज गेल्याचं कळावं म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी मोबाइल वर धरले की अकराव्या पानावर उजेड आपोआप आला. यावर मी दोन दिवस खूश होते.

अक्षरांचं थोडक्यात. काळ्यात पांढरी अक्षरं खरवडायचा मोह झाला, पण ए४ वरून ए५ म्हणजे ७१ टक्के. अर्ध्या मिलिमीटरची रेघ जेमतेम ०.३५ उरते आणि छापताना टोनर आत पसरून बुजते. ‘र्कीं’सारखं काही आलं तर वरची सगळी गर्दी एक गोळा. म्हणून अक्षरं वेगळ्या कागदावर, ओळींत नेहमीपेक्षा दीडपट अंतर, नंतर संगणकात जोडते. निवेदन मराठीत, प्रेक्षक कोंकणीत, संकासुर मालवणीत. तळटीपा देणार नाही. कानाला जेवढं लागेल तेवढं लागेल.

नमुना छपाई मात्र फसली. दुकानदाराने माझी फाइल परस्पर ग्रेस्केल (करड्या छटांची) करून ३०० डीपीआयवर छापली. काळ्यात पट्टे, खरवडलेल्या रेघांना मऊ कडा. चूक निम्मी माझी, कारण सांगितलं नव्हतं. आता ६०० डीपीआयवर स्कॅन, कचरा साफ, आणि फाइल बिटमॅप करूनच देते, म्हणजे मध्ये करडं उरतच नाही.

एक गंमत. आजीच्या ट्रंकेत मामाचे जुने इंद्रजाल कॉमिक्सचे अंक निघाले. त्यातल्या फँटम या नायकाला मराठीत ‘वेताळ’ म्हणत. आमच्याकडे बेताळ गावाची राखण करणारा देव, आमोण्याला त्याचं मोठं देऊळ आहे. मामा सांगतो, मुखपृष्ठावर चट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला वेताळ बघून आजीने अंक देवघरापासून लांब ठेवायला लावले होते.

आता बारावं पान. संकासुराचा प्रवेश, पानभर एकच चौकट, अकरा पहाटा लागल्या. पखवाजाच्या तालावर तो अंधारातून पाऊल टाकतोय, पायातले घुंगरू एकेक खरवडलेत. मागच्या रविवारी सावंतवाडीकडच्या त्या काकांना दाखवायला गेले, ज्यांना मी जत्रेत रेखाटलं होतं. तीसेक वर्षं संकासुर करतात. चहा पुढे सरकवला, चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं. बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, “माझां त्वांड कोणाक दिसणा नाय गो. म्हणान माका हातापायांनी बोलूक लागता. ह्यां बरां केलंस.” मी हरखले.

“पण चेडवा,” पान परत देत म्हणाले, “मी आत येतंय तो डावो पाय आदी घालून. तुया उजवो घातलंस.”

संगणकात उलटं करून बघितलं. पाय डावा होतो, पण पखवाजवाला डावखुरा होतो आणि पायपेटी भलत्या बाजूला जाते. पाटीला पुसणं नसतं, खरवडलं ते खरवडलं. आयव्हरी कार्डाचे दोन तुकडे उरलेत. एकाला काल रात्री पहिला हात दिला, आत्ता कपाटात आहे.