परदेशात उडायला जाताय? परतीची फाइल आजच उघडा

वैमानिकाच्या हातात परदेशी एअरलाइनचा करार आला की बोलणं होतं ते पगाराचं, बेसचं आणि रोस्टरचं. परतायची वेळ आली की गाडी अडते ती कागदांवर. उडवण्याचं कौशल्य कुठे जात नाही, पण त्याचा पुरावा परक्या देशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि नोकरी संपली की तो दरवाजा बंद होतो. म्हणून परतीची तयारी राजीनाम्याबरोबर नाही, रुजू होण्याच्या दिवशी सुरू करायची असते.

आधी लायसन्स. १९४४ च्या शिकागो कराराचं कलम ३२ सांगतं की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचं लायसन्स, विमानाची नोंदणी ज्या देशात आहे त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं असावं. तुमचं नागरिकत्व कुठलं, कंपनीचं ऑफिस कुठे, याला इथे किंमत नाही. विमानावर रंगवलेली नोंदणीची अक्षरं पाहायची. त्यातून दोन रस्ते निघतात. व्हॅलिडेशन म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सवर त्या देशाने दिलेली मान्यता. ती मूळ लायसन्सच्या मुदतीपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे घरचं लायसन्स संपलं की तिकडचं उडणंही त्याच दिवशी थांबतं. कन्व्हर्जन म्हणजे त्या देशाचं स्वतंत्र लायसन्स. त्यासाठी लेखी परीक्षा आणि सिममधला (सिम्युलेटरमधला) चेक, म्हणजे उड्डाणाची चाचणी, द्यावी लागते. युरोपचं एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचं लायसन्स, घ्यायचं तर १३ विषयांचे पेपर आहेत.

सर्वात महागात पडणारी चूक कन्व्हर्जनवाल्यांकडून होते. नवं लायसन्स हातात आलं की घरचं विसरलं जातं. मेडिकल संपतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) संपतं, रेडिओटेलिफोनीचा, म्हणजे रेडिओवर बोलण्याचा, परवानाही संपतो. पाच वर्षांनी परतताना हे सगळं एकाच वेळी जिवंत करावं लागतं, आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो: मेडिकलशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि चेक झाल्याशिवाय रेटिंग मिळत नाही. त्यापेक्षा दरवर्षीच्या रजेत एक दिवस घरच्या मेडिकलसाठी ठेवणं कितीतरी सोपं. एअरलाइन वैमानिकाचं क्लास वन मेडिकल आंतरराष्ट्रीय मानकानुसार जास्तीत जास्त १२ महिने चालतं, साठीनंतर ६ महिने. दोन देशांची दोन मेडिकल असतील तर दोन्हीकडे तीच माहिती द्या. एकीकडे सांगितलेलं औषध दुसरीकडे लपवलं आणि कागद पुढे जुळले नाहीत, तर प्रश्न तब्येतीचा न राहता सचोटीचा होतो.

इंग्रजीच्या शेऱ्याकडेही लक्ष असू द्या. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीप्रमाणे लेव्हल ४ ची परीक्षा दर ३ वर्षांनी, लेव्हल ५ ची ६ वर्षांनी द्यायची असते. लेव्हल ६ ला पुन्हा परीक्षा नाही. काही देशांच्या मुदती वेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही लायसन्सवरच्या तारखा वेगवेगळ्या तपासा.

आता लॉगबुक. खरी गुंतागुंत इथेच आहे. आयकाओच्या व्याख्येत फ्लाइट टाइम म्हणजे टेक-ऑफसाठी विमान पहिल्यांदा हललं तिथपासून उड्डाण संपून पूर्ण थांबलं तिथपर्यंत, म्हणजे ब्लॉक टाइम. कंपनीच्या रिपोर्टमध्ये मात्र कधी ब्लॉक टाइम छापलेला असतो, कधी फक्त हवेतला वेळ. एक सेक्टर, म्हणजे एक उड्डाण, घ्या: १०:०५ ला पुशबॅक (विमान पार्किंगमधून मागे ढकलणं), १०:२५ ला टेक-ऑफ, १३:४० ला लँडिंग, १३:५० ला पार्किंग. ब्लॉक टाइम ३ तास ४५ मिनिटं, हवेतला वेळ ३ तास १५ मिनिटं. एका सेक्टरला अर्धा तास, म्हणजे ४०० सेक्टरला २०० तासांचा फरक. लॉगबुक एक सांगतं आणि कंपनीचं प्रमाणपत्र दुसरं, असं दिसलं की पडताळणी करणारा अधिकारी पहिल्याच पानावर थांबतो, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून चारही वेळा लिहा, सगळ्या यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत.

लाँग-हॉलवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर, आणखी एक पेच. १४ तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असतील तर प्रत्येकाचा साधारण अर्धा वेळ बंकमध्ये, म्हणजे विमानातल्या झोपायच्या जागेत, जातो. विश्रांतीचे ते तास मोजायचे की नाहीत, हे देशोदेशी वेगळं आहे. उड्डाणाचा एकूण वेळ एका रकान्यात, प्रत्यक्ष सीटवरचा दुसऱ्या रकान्यात ठेवला तर पुढे कुठलाही नियम लागू झाला तरी बेरीज काढता येते. रात्रीच्या तासांचंही तसंच: कुठे सूर्यास्तापासून मोजतात, कुठे संधिप्रकाश संपल्यापासून. कमांडचे (कॅप्टन म्हणून केलेले) तास, फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून केलेले तास आणि देखरेखीखाली केलेली कमांड हे तीन आकडे कधीही एकत्र करू नका. एकदा मिसळले की वेगळे काढायला मूळ रोस्टर लागतं, आणि ते तोवर हाताशी नसतं.

दर महिन्याला कंपनीच्या रिपोर्टची पीडीएफ उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि दर सहा महिन्यांनी लॉगबुकच्या पानांवर सही-शिक्का घ्या. प्रत्येक सिम चेकचा फॉर्म, टाइप रेटिंगचं (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीचं) प्रमाणपत्र, डिफरन्सेस ट्रेनिंगची (त्याच विमानाच्या वेगळ्या आवृत्तीच्या प्रशिक्षणाची) नोंद, सगळं ठेवा. चेक घेणाऱ्याचा लायसन्स नंबर फॉर्मवर वाचता येतो ना, तेही बघा. एवढी बारीक गोष्ट, पण ती नसली की तो चेक झाला हे ठरवणं कठीण होतं.

आता राजीनाम्याची वेळ. त्याच टाइपवर, म्हणजे विमानाच्या त्याच प्रकारावर, मागच्या ९० दिवसांत ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग हवीत, ही आंतरराष्ट्रीय अट. मान्यताप्राप्त सिमही चालतो. नॅरो-बॉडीवर, म्हणजे कमी पल्ल्याच्या लहान विमानांवर, हे आपोआप होतं. लाँग-हॉलवर ९० दिवसांत १८ सेक्टर मिळाले आणि ते चौघांत वाटले, तर वाट्याला साडेचार लँडिंग येतात. मध्ये रजा किंवा आजारपण आलं की तिसरं हुकतं. शिवाय नोटीस पीरियडच्या शेवटी उडणं कमी होतं, मग नव्या कंपनीची भरती, कागदांची पडताळणी, ट्रेनिंगची तारीख, यात महिने जातात. म्हणून शेवटचा प्रोफिशिअन्सी चेक (कौशल्याची ठरावीक चाचणी) नोकरी सोडण्याच्या जितका जवळ घेता येईल तितका घ्या. टाइप रेटिंगची मुदत तिथून मोजली जाते, आणि चालू रेटिंगवाला उमेदवार कंपनीला थेट लाइन ट्रेनिंगच्या (रोजच्या उड्डाणांवर देखरेखीखाली होणाऱ्या प्रशिक्षणाच्या) जवळ नेता येतो.

सवयींचंही बोलायला हवं, कारण त्या कागदांसारख्या फाइलमध्ये ठेवता येत नाहीत. चीनमध्ये कंट्रोलर १०,१०० मीटर म्हणतो, तेव्हा वैमानिक तक्ता पाहून ३३,१०० फूट लावतो. इतरत्र त्याच्या जवळची पातळी ३३,००० फूट. वारा मीटर प्रतिसेकंदात मिळतो, म्हणजे ७ ऐकलं की साधारण १४ नॉट समजायचे. अमेरिकेत उंचीमापकात लावायचा हवेचा दाब (पाऱ्याच्या) इंचात आणि ट्रान्झिशन अल्टिट्यूड, म्हणजे जिथून वर स्थानिक दाबाऐवजी ठरावीक प्रमाण दाब लावतात ती उंची, सरसकट १८,००० फूट. बाहेर बहुतेक ठिकाणी हेक्टोपास्कल आणि विमानतळागणिक बदलणारी उंची. अनेक वर्षं इंचात काम केलेल्या कानाला ‘नऊ नऊ दोन’ हे २९.९२ वाटू शकतं. ९९२ हेक्टोपास्कलच्या दिवशी २९.९२ लावलं तर विमान दाखवतंय त्यापेक्षा जवळपास ६०० फूट खाली असतं. अप्रोचमध्ये एवढी चूक जीवघेणी आहे. परतल्यावर पहिले काही महिने ब्रीफिंगमध्ये दाबाचं एकक मोठ्याने म्हणा आणि रीडबॅकमध्येही, म्हणजे कंट्रोलरची सूचना परत म्हणतानाही.

पैशांचं थोडक्यात. ट्रेनिंग बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची ट्रेनिंगची रक्कम) महिन्यागणिक कमी होतो की मुदत संपेपर्यंत पूर्ण राहतो, हे सही करण्यापूर्वी वाचा. ग्रॅच्युइटी कशावर मोजली जाते तेही पाहा. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात पहिली ५ वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार धरतात. फ्लाइंग पे आणि घरभत्ता त्यात येत नाही, त्यामुळे एकूण पगारावर केलेला हिशोब फसतो. आणि सिनिऑरिटी सोबत येत नाही. परदेशातला कॅप्टन घरी फर्स्ट ऑफिसर म्हणून लागू शकतो आणि रोस्टर, बेस, रजा सगळं यादीच्या तळापासून मिळतं. कुटुंबाशी याचं स्पष्ट बोलणं आधीच व्हावं.

शेवटच्या महिन्यात, ओळखपत्र आणि रहिवासी परवाना चालू असतानाच, पोलीस क्लिअरन्स काढा. देश सोडल्यावर बोटांचे ठसे आणि साक्षांकन यांत आठवडे जातात. विमानतळाच्या पाससाठी मागच्या किमान ५ वर्षांचा इतिहास विचारला जाऊ शकतो, मधल्या रिकाम्या काळासह. मागच्या २८ आणि ३६५ दिवसांच्या तासांचं पत्र घ्या, कारण तासांची कमाल मर्यादा नव्या नोकरीत शून्यापासून सुरू होत नाही. कॉस्मिक रेडिएशनच्या डोसची नोंद कंपनी ठेवत असेल तर तीही मागा. लायसन्स पडताळणीचं पत्र एका प्राधिकरणाकडून दुसऱ्याकडे थेट जातं, तुमच्या हाती आणलेली प्रत बहुधा चालत नाही. म्हणून ती विनंती राजीनाम्याच्याच आठवड्यात करा, आणि पासपोर्ट, लायसन्स, लॉगबुक यांतल्या नावाचं स्पेलिंग एकच आहे हे त्याआधी पाहून घ्या.