पिवळा दिवा, उजवं पुढचं चाक आणि एक क्लिप

आमच्या डबल केबिन पिकअपच्या डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लागलं आणि सोबत एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवाही. गाडी पळायला व्यवस्थित होती. त्यामुळं घरात, बांधावर, सगळीकडं एकच मत पडलं, "पेटू दे की, काय अडतंय?"

मला ते पटत नाही. द्राक्षांचे क्रेट भरून निघालो की मागचे पाटे दबतात, चाकं रस्ता धरून चालतात. येताना हौदा रिकामा असतो, मागं वजन नसतं. त्यात जूनमध्ये तासगावकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या रानाची माती डांबरावर येते. त्यावर पाऊस पडला की वळणावर रिकाम्या पिकअपचं मागचं अंग सुटतं. ते सावरणारी यंत्रणा (ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) बंद आहे, एवढंच तो घसरणाऱ्या गाडीचा दिवा सांगत असतो. भर पावसात खंबाटकीचा घाट उतरायचा असेल तर मला ती चालू हवी.

हा दिवा लुकलुकत असेल तर काळजीचं कारण नाही, यंत्रणा त्या क्षणी काम करत असते. कायम पेटून राहिला की बिघाड. बटण दाबून ती बंद केल्यावर लागणारा 'ऑफ'चा दिवा वेगळा, त्याची गल्लत करू नका.

ही यंत्रणा एबीएसच्याच जिवावर चालते. चारही चाकांचा वेग, स्टिअरिंग किती फिरवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, यांचा मेळ ती सतत घालते. मेळ चुकला की एकाच चाकाला ब्रेक लावते, इंजिनाची ताकद कमी करते. म्हणून एका चाकाच्या सेन्सरनं माहिती देणं थांबवलं की दोन्ही दिवे एकदम लागतात.

मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र बहुतेकदा इंजिनाच्याच बिघाडाचे कोड दाखवतं. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर सांगलीत आमच्या नेहमीच्या वायरमनकडं आहे. कोड आला उजव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचा. याआधी एका गॅरेजनं स्कॅनर न लावताच एबीएसचं अख्खं मॉड्यूल बदलायला सांगितलं होतं, म्हणजे सगळ्यात महागडा भाग!

तरीही कोड म्हणजे निदान नव्हे. कोणत्या सर्किटची तक्रार आहे ते कोड सांगतो. सेन्सर गेलाय, वायर तुटलीय, सॉकेटात पाणी शिरलंय की सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती बेअरिंगच्या सीलमधली चुंबकीय रिंग खराब झालीय, हे आपण शोधायचं.

"मिस्त्री, आधी लाइव्ह डेटा, म्हणजे चालत्या गाडीतले सेन्सरचे आकडे बघूया," मी वायरमनला म्हटलं.

"चला मालक, मी स्कॅनर धरतो, तुम्ही चालवा."

बुधगावच्या बाजूला सरळ रस्त्यावर चारही चाकांचे आकडे बरोबर जुळत होते. सेन्सरच मेला असता तर असं दिसलं नसतं. मग मोकळ्या जागेत हळू चालवत स्टिअरिंग डावीकडं पूर्ण फिरवलं आणि उजव्या पुढच्या चाकाचा आकडा थेट शून्यावर. सरळ केलं, परत आला. वळताना बाहेरची चाकं थोडी जास्त वेगानं फिरतात, तेवढा फरक दिसणारच. पण फिरत्या चाकाचा वेग शून्य नसतो. इथंच समजलं की दोष वायरीत आहे.

गाडी जॅकवर घेतली. चाकाकडं जाणाऱ्या वायरची एक क्लिप जागेवर नव्हती, मागं सस्पेन्शनचे बुश बदलताना कुणीतरी लावायची राहिली असावी. वायर लोंबत होती, प्रत्येक वळणाला ताणली जात होती. वरचं आवरण शाबूत होतं, पण दाबलं की एका जागी पोकळ लागायचं. आत तांबं हिरवं पडून तुटलं होतं. हे सेन्सर बहुधा वीजपुरवठ्यावर चालणारे असतात, त्यांना मीटरनं ओहममध्ये तपासू नये. आम्ही सॉकेटवर मीटरनं व्होल्टेज मोजत वायर हलवली, तेव्हा मीटरचा काटा पडत होता.

तिथं जोड मारता आला असता, पण सतत वाकणाऱ्या जागेवरचा जोड टिकत नाही. सेन्सर वायरसकटच मिळतो, तो नवा घातला आणि क्लिपही बसवली. जुन्या सेन्सरच्या तोंडाला काळी बारीक पूड चिकटलेली होती. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात. लहानपणी ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवलेल्यांना ती पूड आठवेल. म्हणून डाव्या चाकाचा सेन्सरही काढून पुसून घेतला.

कोड पुसल्यावर दिवा लगेच जाईलच असं नाही. आमच्या गाडीत चारही चाकांचा वेग थोडं अंतर जुळलेला दिसल्यावरच गेला.

विट्याच्या चुलतभावाच्या गाडीतही हाच दिवा होता, पण अलाइनमेंट करून आल्यानंतर लागलेला. चाकांचे आकडे ठीक होते. गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंगचा कोन मात्र शून्य दाखवत नव्हता. त्याला एकही पार्ट लागला नाही, स्कॅनरवरून तो कोन शून्यावर बसवून घेतला.