ओसरीवर विचारलेला प्रश्न

"उजव्या हातावर नको हं सिस्टर, डावा घ्या," असं म्हणत त्या बाईंनी हात पुढे केला आणि त्या कशासाठी आल्यात ते मला न विचारता कळलं. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज धरू शकते, म्हणून त्या हातावर बीपीचा कफ सहसा बांधत नाहीत, सुईही टोचत नाहीत. बाई दापोलीतल्या निवृत्त शिक्षिका. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजव्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत घट्ट बाही. "त्या हातात आता चढतच नाहीत," असं म्हणून त्यांनी गुलाबी टोपी घातली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मी आरोग्यसेविका आहे, दापोली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. त्या रविवारी मुरुडच्या किनाऱ्यावर स्तनाच्या कर्करोगासाठी वॉक होता. वाळूवरून शेजारच्या कर्दे गावापर्यंत जायचं आणि परत यायचं. नोंदणीचे शंभर रुपये. जमतील ते पैसे उपचाराला मुंबईला जाणाऱ्या बायकांच्या राहण्याजेवणासाठी. शस्त्रक्रिया, केमो महात्मा फुले योजनेत होऊन जातं. खेडहून रेल्वेने गेलं तर स्लीपरला रुग्णाला तिकीट लागत नाही, सोबतच्या माणसालाही पंचाहत्तर टक्के सवलत असते. पण मुंबईत पोहोचल्यावर झोपायचं कुठे, खायचं काय, हे कुठल्याच योजनेत पुरतं बसत नाही. माणसं उपचार अर्धवट टाकून परत येतात ती इथे अडून, हे मी वाडीत पाहिलेलं आहे.

कोजागरी नुकतीच झाली होती. अशा दिवसांत सकाळच्या ओहोटीला पाणी लांब जातं आणि वाळू चालायला टणक राहते, म्हणून वेळ त्या हिशोबाने ठरवलेली. माझं टेबल शाळेच्या व्हरांड्यात. नावं लिहून घ्यायची, बीपी बघायचं, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवायची.

नोंदणीच्या कागदावर कोणीतरी हौसेने एक रकाना घातला होता: 'कोणासाठी चालताय?' माणसं असल्या गोष्टींना का येतात, हा प्रश्न मलाही होताच. शंभर रुपये द्यायचे तर नुसते द्यावेत, त्यासाठी पहाटे उठून वाळू कशाला तुडवायची? त्या दिवशी दोनशेच्या आसपास कागद माझ्या हाताखालून गेले. कृषी विद्यापीठाची मुलं गटाने आली होती. त्यांनी 'मैत्रिणीच्या आईसाठी', 'मावशीसाठी' असं लिहिलं. एका पोराने प्रामाणिकपणे 'टोपीसाठी' लिहिलं. 'आईसाठी' बरेच होते. आणि कोरे रकाने त्याहून जास्त. घाई असेल म्हणून मी ते तसेच घेत गेले.

पाजपंढरीचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, आला, पन्नाशीचा. ऑक्टोबर म्हणजे ऐन मासेमारीचे दिवस, ही माणसं सुखासुखी बोट बांधून ठेवत नाहीत. त्याचाही रकाना कोरा. बीपी घेताना मी विचारलं, "दादा, कोणासाठी?" तो थोडा वेळ कफकडेच बघत राहिला. बायकोला परळला टाटात दाखल केलं होतं, तीन वर्षं झाली. हा दादरच्या धर्मशाळेत राहायचा आणि बसचे पैसे वाचवायला रोज सकाळी दादरहून परळला चालत जायचा, रात्री चालत परत. "रस्त्याला येवढी माणसं, पण माझ्या कामाला चाललेला कोणी नाय," तो म्हणाला. "हितं समदी त्याच कामाला चालतात." बायको राहिली नाही. त्याने टोपी घेतली नाही, नुसता रांगेत जाऊन उभा राहिला.

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटलं. पण ते अर्धंच होतं.

निघण्याआधी मुख्याध्यापकांनी कर्व्यांची आठवण काढली. मुरुडला कुठलाही कार्यक्रम असो, ती निघतेच आणि निघावीच. धोंडो केशव कर्वे मुलगा असताना परीक्षेसाठी या गावातून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं. मग डॉक्टरांनी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. सुझन कोमेन नावाची बाई 1980 साली स्तनाच्या कर्करोगाने गेली, वय अवघं 36. तिच्या बहिणीने तिला दिलेल्या शब्दाखातर संस्था काढली आणि 1983 मध्ये डॅलस शहरात अशी पहिली दौड भरवली. आठशे माणसं आली होती. डॉक्टर म्हणाले, आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत आज पहिला नंबर स्तनाचाच आहे, 2022 या एका वर्षात अंदाजे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण. आकडा ऐकून कोणी काही बोललं नाही. मग ढोल वाजला आणि सगळे वाळूवर उतरले.

व्हरांडा रिकामा झाला. मी कागद सारखे करत होते. खांबाआड एक बाई उभी होती, टोपी हातात धरून. आमच्याच वाडीतली मावशी. तिचं घर मला पाठ आहे. नातवाच्या लसीला, सुनेच्या बाळंतपणात मी कितीदा त्या ओसरीवर चहा प्यायले आहे.

"मावशी, मागे राहिलात? चला, गाठाल त्यांना."

"मी चालाया नाय आले," ती खाली बघत म्हणाली. "तुला दाखवाया आले."

दुसरीचा वर्ग उघडा होता. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून उरलेला एक बॅनर गजांना अडकवला, दाराला आतून बाक लावलं. तिला बाकावर बसवलं, मग आडवं केलं. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, काखेकडे गाठ लागली. फणसाच्या आठळीएवढी, टणक, बोटाखाली सरकत नव्हती. वरची कातडी किंचित आत ओढलेली. काखेत आणखी एक, करवंदाएवढी.

"कधीपासून आहे?"

"शिमग्याच्या आधीपास्नं."

आठ महिने. "मग एवढे दिवस का नाही बोललात?"

"दुखत नाय गो बाय. दुखलं असतं तर आले नसते का?"

हे वाक्य मी दर सहा महिन्यांनी ऐकते, आणि दर वेळी वाटतं की गावच्या प्रत्येक भिंतीवर रंगवून ठेवावं: ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. दुखेल म्हणून वाट बघणं हाच घात आहे.

तिने चोळी सारखी केली आणि मग सांगितलं. दवाखान्यात गेलं की चार माणसं विचारतात काय झालंय. मुलगे विचारणार, सोबत येणार, आणि डॉक्टरांसमोर त्यांच्या देखत ते बोलायचं कसं? बोटीचं कर्ज चालू आहे, त्यात हा खर्च. पण वॉकला वाडीतल्या बायकाच निघाल्या होत्या. "फुकटची टोपी देतात, चालाया जाते, असं सांगून आले," ती म्हणाली. "हितं समदी त्याचंच नाव घेतात. म्हटलं हितं विचारलं तर लाज नाय."

तेव्हा मला ते कोरे रकाने आठवले. त्यातल्या किती जणींनी 'स्वतःसाठी' लिहायचं टाळलं असेल?

आणि त्याहून वाईट एक गोष्ट आठवली, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा आम्ही सीबॅक फॉर्म भरतो, म्हणजे कोणाला कुठल्या आजाराचा धोका आहे ते घरोघरी विचारून टिपायचा कागद. त्यात बायकांसाठी सरळ प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकारात बदल झालाय का. मावशीचा फॉर्म मे महिन्यात भरलेला होता, आणि आशाताईंनी नव्हे, मी स्वतः भरलेला होता. तिन्ही प्रश्नांपुढे 'नाही'. ओसरीवर बसून विचारलं होतं. समोर तिचे दोन्ही मुलगे जाळी तुणत बसलेले, दीर झोपाळ्यावर. ती मान हलवून नाही म्हणाली आणि मी खूण करून पुढच्या घरी गेले. तेव्हा तिच्या अंगावर ती गाठ होती. तेव्हा लहान असणार.

मुंबईत टाटाने 1998 पासून एक मोठं काम केलं. वस्त्यांमधल्या दीड लाख बायका, आणि त्यातल्या निम्म्या वस्त्यांत आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेली तपासणी. वीस वर्षांचा हिशोब 2021 मध्ये छापून आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नव्हतं, शिकवलेले हात होते. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला आपल्या कामाचा केवढा अभिमान वाटला होता. मावशी माझ्याहून वयाने मोठी आहे, त्याच पन्नाशीपुढच्या बायकांतली. माझे हात शिकलेले होते. मे महिन्यात मी त्यांत पेन धरलं होतं.

मी तिला सांगितलं, "गाठ म्हणजे कॅन्सरच असं नसतं. पण ही तपासायलाच हवी, आणि उद्याच." दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहिली. मे महिन्याचंही सांगितलं, चूक माझी म्हणून. ती म्हणाली, "तू विचारलंस गो. मीच नाय सांगितलं." त्याने मला बरं वाटलं नाही.

उठताना तिने टोपीकडे बघितलं. "न चालता घरी गेले तर पाय कोरडे दिसतील."

मग टेबल आशाताईंच्या हवाली करून आम्ही दोघी वाळूवर उतरलो. रांग केव्हाच कर्द्याच्या बाजूला ठिपक्यांसारखी झाली होती. मावशीने लुगडं खोचलं आणि पाण्याच्या कडेने चालायला लागली. परत येणारे पहिले लोक भेटले त्यांत तो तांडेल होता. त्याने आम्हाला बघितलं, मावशीच्या हातातली टोपी बघितली, आणि काही न विचारता वळून पुन्हा आमच्या बरोबरीने कर्द्याकडे चालायला लागला.

सोमवारी सकाळच्या एसटीला ती थोरल्या मुलाबरोबर आली. रात्री तिनेच त्याला सांगितलं होतं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग बायप्सी. कर्करोगच निघाला. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, असं ठरलं. चौथी केमो झाली आहे, आणि मुंबईतल्या मुक्कामाचे पैसे वॉकच्या जमेतून गेले. पुढचं आत्ता काही सांगता येत नाही.

मी वाडीतले बायकांचे फॉर्म पुन्हा भरायला काढलेत. ते तीन प्रश्न आता ओसरीवर विचारत नाही. विहिरीवर विचारते, मागीलदारी विचारते, मासळी वाळत घालताना शेजारी बसून विचारते. वेळ तिप्पट लागतो, महिन्याचा अहवाल मागे पडतो. परवा एकीच्या स्वयंपाकघरात विचारलं. तिने आधी चुलीपुढून उठून दार लोटलं, कडी घातली, आणि मग म्हणाली, "हो."