सलग 28 पराभव आणि डेट्रॉईटची वारी

शिकागोहून डेट्रॉईटला जाणारी अ‍ॅमट्रॅकची 'वुल्व्हरीन' गाडी आरामात चालते. कॅलमझू, बॅटल क्रीक, अ‍ॅन आर्बर, डिअरबॉर्न करत पाच तासांहून जास्त वेळ घेते, आणि मिशिगनचं घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे तोही आपल्याच खात्यातून जातो. शेजारच्या बाईंनी विचारलं, डेट्रॉईटला काय काम? म्हटलं, पिस्टन्सचा, तिथल्या बास्केटबॉल टीमचा, सामना बघायचाय. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "तिकीट काढून?"

प्रश्न रास्त होता. सामना होता 30 डिसेंबर 2023 चा. तोवर डेट्रॉईट पिस्टन्स सलग 28 सामने हरले होते. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगच्या, एका मोसमात इतका लांब पराभवांचा रतीब कुणीच घातला नव्हता. मोसमातल्या पहिल्या तीनपैकी दोन जिंकले, आम्ही हुरळलो, आणि मग नोव्हेंबर कोरडा, डिसेंबर कोरडा. दोनच दिवसांपूर्वी बॉस्टनमध्ये 21 गुणांची आघाडी घेऊन ओव्हरटाइममध्ये हरून दाखवलं होतं.

मी या टीमच्या नादी लागलो तो 2004 च्या जूनमध्ये. फायनलचे सामने आपल्याकडे सकाळी लागायचे. समोर लॉस एंजेलिसची लेकर्स टीम: शकील ओनील, कोबी ब्रायंट, शिवाय कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. आमच्याकडे एकही असा हिरो नाही. बेन वॉलेसला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतलंही नव्हतं. चॉन्सी बिलप्स अनेक टीम फिरून आलेला, रिप हॅमिल्टन नाकावर मास्क लावून पळणारा. चार-एकने जिंकले. अशा वेळी प्रेमात पडायला काही लागत नाही. त्याचे हप्ते पुढची वीस वर्षं फेडावे लागतात, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

डेट्रॉईटचं स्टेशन वुडवर्ड अव्हेन्यूलगत आहे. बाहेर पडलं की क्यूलाइन नावाची ट्राम मिळते. तिला तिकीट नाही, चढायचं आणि बसायचं. ती वुडवर्डवरून सरळ दक्षिणेला लिटल सीझर्स अरेना या पिस्टन्सच्या मैदानाजवळून थेट डाउनटाउनपर्यंत जाते. मी आधी पुढे जाऊन लाफायेट बुलेव्हार्डवर पोट भरलं. तिथे 'अमेरिकन' आणि 'लाफायेट' ही दोन कोनी आयलंड दुकानं शेजारीशेजारी आहेत. दोन्हीकडे मिळतं तेच: हॉट डॉगवर चिली (मसालेदार खिमा), मोहरीचं सॉस आणि बारीक कांदा. तरी अमेरिकनवाले लाफायेटमध्ये पाय ठेवत नाहीत आणि लाफायेटवाले अमेरिकनमध्ये. मी कुठे खाल्लं ते सांगत नाही, उगाच वाद नको.

पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्स हे टीमचं शहराबाहेरचं जुनं मैदान बघायची फार इच्छा होती. 'बॅड बॉइज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टीमची 1989 आणि 1990 ची जेतेपदं, 2004 चं जेतेपद, सगळं त्या काळातलं. पण टीम 2017 मध्ये शहरात आली आणि 2020 मध्ये पॅलेस सुरुंग लावून पाडलं. मोकळी जागा बघायला तेवढं लांब कोण जाणार?

लिटल सीझर्स अरेनात आत गेल्यावर मी आधी खुर्च्या बघितल्या. 2017 मध्ये हे उघडलं तेव्हा त्या लाल होत्या. रिकाम्या लाल खुर्च्या टीव्हीवर फार डोळ्यांत भरायला लागल्या, म्हणून त्या काळ्या केल्या. माणसं येईनात, तर खुर्च्यांचा रंग बदला! वर मात्र छताला निवृत्त नंबर, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या सन्मानार्थ पुन्हा कुणाला न दिले जाणारे जर्सीचे नंबर, लटकतात: आयझेया थॉमसचा 11, डूमार्सचा 4, लॅम्बिअरचा 40. कोच चक डेलींच्या नावापुढे 2, दोन जेतेपदांसाठी.

माझ्या शेजारी एक आजोबा होते, लॅम्बिअरची जर्सी स्वेटरवरून घातलेली, कोपरापाशी रफू. आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात काम केलेलं. कोबो अरेना, सिल्व्हरडोम, पॅलेस आणि आता हे, असे सगळे पत्ते बघून झालेले. आधीच्या घरच्या सामन्यांत लोकांनी "टीम विकून टाका!" अशा घोषणा दिल्या होत्या. तुम्ही पण ओरडलात का, मी विचारलं.

"घसा बसला माझा," म्हणाले. "ज्यांचं मन उडालं ते ओरडत नाहीत रे, ते टीव्ही सुद्धा लावत नाहीत."

मला वाटतं, निष्ठावान चाहत्याबद्दल लोकांची कल्पनाच चुकीची आहे. तो आशावादी वगैरे नसतो. माझ्या आसपास बसलेल्यांपैकी एकही माणूस 'आज जिंकू' म्हणत नव्हता. प्रत्येक चुकलेल्या फ्री थ्रोला शिव्या होत्या, चेंडू घालवला की, प्रत्येक टर्नओव्हरला, कपाळावर हात. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये उठून कुणी घरी गेलं नाही.

त्या दिवशी नशीबही जरा वळलं होतं. समोर टोरोंटो रॅप्टर्स, आणि त्यांनी त्याच दिवशी ओजी अनुनोबीला न्यूयॉर्क निक्सकडे दिलेलं. बदल्यात मिळालेले खेळाडू अजून पोचलेले नव्हते. तरी सामना शेवटपर्यंत लटकलाच. आमच्या केड कनिंगहॅमने 30 गुण केले. शेवटच्या मिनिटाला आजोबा मैदानाकडे बघतच नव्हते, फक्त वरच्या घड्याळाकडे. 129-127. भोंगा वाजला आणि लोक असे नाचले की परक्याला वाटावं, जेतेपद आलं. निवेदक जॉन मेसनची "डीऽऽट्रॉईट बास्केटबॉल!" ही आरोळी पूर्वी फक्त यूट्यूबवर ऐकली होती. आजोबांनी मला मिठी मारली आणि लगेच म्हणाले, "बचाव मात्र भिकार होता."

पुढे काय झालं ते सांगायला हवं. पुढचे सामने पुन्हा हरले. मोसम 14 विजय, 68 पराभवांवर संपला. सगळ्यात वाईट टीम म्हणून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळेल म्हणावं, तर हा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पाचवा आला, तोही सलग तिसऱ्या वर्षी. कोच गेले, जेबी बिकरस्टाफ आले, आणि 2024-25 मध्ये हीच टीम 44-38. विजय तिपटीहून जास्त! प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, निक्सना त्यांच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात हरवलं, तेव्हा 2008 पासूनची सलग 15 प्लेऑफ पराभवांची माळ तुटली. ज्यांनी कधी पिस्टन्सचं नाव काढलं नव्हतं त्यांचे अभिनंदनाचे मेसेज आले. सहाव्या सामन्यात, घरच्याच मैदानावर, निक्सच्या जेलन ब्रन्सनने शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांचा शॉट मारून आम्हाला बाहेर काढलं. 116-113. आता त्या एका शॉटवर मी अर्धा अर्धा तास वाद घालू शकतो, की ब्रन्सनवर दुसरा माणूस का धावून गेला नाही.